पट्ट्यांचं शीड

"कुणाचा विश्वास बसणार नाही," मी शिडं शिवणाऱ्याला म्हणालो, "पण भर वादळात आमचं शीड पोकळ डोलकाठीच्या पोटात गुंडाळता गुंडाळता अर्ध्यावरच अडकलं. शिडाला ताठ ठेवणारी उभी पट्टी काठीच्या खाचेत रुतून बसली होती, होडी आडवी होत होती. मी सुरी दातांत धरून सरसर वर चढलो, पट्टी उपसली आणि शीळ वाजवत खाली आलो! म्हणून सांगतो, नवं शीडही पट्ट्यांचंच शिवा. वेग काय मिळतो!"

बायकोनं कापडाचा नमुना हातातून खाली ठेवला.

 

"भाऊ, बिनपट्ट्यांचं शिवा. तेव्हा वर मी चढले होते, हे खाली काठीला मिठी मारून टाहो फोडत होते. आणि आता माझे गुडघे गेलेत."