सोनेरी होईपर्यंत

"लिही," प्रूफकाका फोनवर म्हणाले. "कांदे सहा, स्वल्पविराम, बारीक चिरलेले. पूर्णविराम."

"बाबा, स्वल्पविराम नका हो सांगू," पलीकडून सून हसली. "हात भरलेत माझे. तुम्ही नुसतं बोला, मी लक्षात ठेवते."

लक्षात ठेवते म्हणे! चाळीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात घालवलेल्या माणसाचा लक्षात ठेवण्यावर काडीचा विश्वास नव्हता. गल्लीतले लोक त्यांना उगाच प्रूफकाका म्हणत नसत; न्हाव्याच्या पाटीवरची चुकीची वेलांटीसुद्धा त्यांनी त्याला भर गिऱ्हाइकात पुसायला लावली होती. "आधी कागद घे," ते म्हणाले. सुनेनं मुकाट्यानं कागद घेतला.

वर्षातून एकदा सगळे जमत ते सुट्टीचं जेवण यंदा पहिल्यांदाच मुलाच्या नव्या घरी होतं. लेक-जावई आले होते, व्याही आले होते, एकूण अकरा पानं. लिफ्ट बंद, जिने चार आणि काकांचा गुडघा हा असा. "तुमची उगाच दगदग नको, संध्याकाळी डबा घेऊन येतो," असं मुलानं कालच परस्पर ठरवून टाकलं होतं. अरे, पण गुडघ्याला कुणी विचारलं होतं? कुणी नुसतं 'या' म्हटलं असतं तर चार काय, चौदा जिने काकांनी बसत-उठत चढून दाखवले असते. पण आपणहून 'येऊ का?' म्हणायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं होतं.

आणि अंड्याचा रस्सा तर त्यांचा होता! वर्षभर स्वयंपाकघरात बायकोचं राज्य. पण सुट्टीच्या जेवणाचा रस्सा काका करत आणि त्या दिवशी कुणाला आत फिरकू देत नसत. यंदा बायको नव्हती. रस्साही आता सुनेकडे चालला होता.

त्या रश्शाची मेख एकच होती. कांदा काळा करायचा, चांगला धूर निघेपर्यंत. पहिल्यांदा केला तेव्हा तो चुकून खाली लागला होता, आणि बायकोनं दोनदा मागून घेतला होता. तेव्हापासून काका तो मुद्दाम करपवत आले. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

"कांदा कुठवर परतायचा, बाबा?"

काका थांबले. हे सांगितलं नाही तर रस्सा बिघडणार. बिघडला की फोन येणार. तुमच्याशिवाय जमत नाहीये, गाडी पाठवतोय, या.

"सोनेरी होईपर्यंत," ते म्हणाले. समोर ढळढळीत चूक दिसत असताना ती तशीच पुढे जाऊ दिली, असं त्यांच्या हातून आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

मग त्यांनी दाढी केली. इस्त्रीचा सदरा चढवला, गुडघ्याला पट्टा बांधला आणि फोन मांडीवर घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसले. अकरा वाजले, बारा वाजले. स्वतःपुरतं त्यांनी काहीच शिजवलं नव्हतं, कशाला शिजवायचं? साडेबाराला बूटही घातले.

एक वाजता फोन वाजला तेव्हा काका उभेच राहिले.

"बाबा!" लेक होती. तिच्यामागे हा गलका. "अरे, काय झालाय रस्सा! सगळे नुसते तुटून पडलेत."

"बिघडला नाही?"

"बिघडतोय कशाला! वहिनीनं कमाल केली. आणि बाबा, खरं सांगू? चिडू नकोस हं. तुझा दर वेळी करपायचा रे."

"करपायचा?"

"कोळसा व्हायचा कोळसा! आई आम्हाला आधीच दम देऊन ठेवायची. वर्षातून एकदा हौसेनं करतात, कुणी तोंड वाकडं केलं तर याद राखा म्हणायची."

"काहीतरीच बोलू नकोस. तुझी आई तर दोन-दोनदा मागून घ्यायची."

"अरे, आमच्या वाट्याला कमी यावा म्हणून! आणि जो यायचा, तोही तुझी पाठ वळली की तिच्याच ताटात." लेक हसता हसता थांबली. "बाबा? रागावलास का?"

"छे गं," काका म्हणाले. "मीठ बरोबर पडलंय ना?"

"एकदम! थांब हं, हे बोलावतायत, आलेच एका मिनिटात."

फोन तिनं टेबलावर ठेवला आणि विसरून गेली. काकांनी तो कानाला तसाच धरला. बायकोची त्यांना फार आठवण आली. ती असती तर हे तिला विचारता आलं असतं, तिच्याशी भांडता आलं असतं. ते बूट न काढताच खुर्चीत बसले.

पलीकडे ताटांचा, डावांचा आवाज येत होता. जावई काहीतरी बोलले, सगळे खो खो हसले. फोन बंद करावा असं काकांना वाटेना.

"मला आणखी घाल गं," कुणीतरी म्हणालं. आणि लगेच दुसरं कुणीतरी, "मलाही."