ट्रॅक्टरचा खरारा

कृष्णरावांनी पुन्हा एकदा सगळं बळ लावून हँडल मारलं. ट्रॅक्टर जरासा फुसकला आणि गप्प झाला.

सकाळचे नऊ वाजत आले होते. राऊ गावच्या शिवारातली काळी जमीन दिवसागणिक सुकत होती. गव्हाची पेरणी निम्मी बाकी, वाफसा फार तर आजचा दिवस टिकणार, आणि हे जुनं लोखंडी धूड रोज सकाळी मेल्यासारखं पडून राहायचं. ऊन चांगलं तापलं, की एक-दीडच्या सुमाराला एखाद्या सरकारी साहेबासारखं आपल्या मर्जीनं कामाला लागायचं. पाच दिवस हाच तमाशा चालला होता. कृष्णरावांनी प्लग घासले, कार्बोरेटर उघडून फुंकला, पेट्रोल, घासलेट फडक्यातून गाळून भरलं. नारळसुद्धा फोडला, पण तो फार रागानं फोडल्यामुळे लागू पडला नसावा.

शेजारचे दत्तोपंत बांधावरून रिकामी पाभर घेऊन घरी निघाले होते. त्यांची पेरणी उरकली होती.

"कृष्णराव, बैलजोडी पाठवू का? खालीच आहे दोन दिवस, काम नाही तिला."

ते मनापासून म्हणाले आणि तेच जास्त झोंबलं. बैल विकून ट्रॅक्टर घेण्याचा हट्ट कृष्णरावांचा होता आणि तो साऱ्या राऊनं पाहिला होता.

"नको. मिस्त्री येतोय," ते म्हणाले.

मिस्त्री म्हणजे इंदूरच्या छत्रीबागेतले दिनानाथ, गिरणीत इंजिनं सांभाळणारे. ते सायकलवरून आले, घाम पुसला आणि प्लगची वायर काढून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली. "मारा हँडल." कृष्णरावांनी मारलं. ठिणगी पडली नाही.

"करंटच नाही येत आहे, भिया."

ठिणगी तयार होते ती मॅग्नेटोत. दिनानाथांनी त्याचं झाकण काढलं, ते तळहातावर उलटं केलं आणि ओला झालेला हात कृष्णरावांपुढे धरला.

"पानी कुठनं आलं यात? बारिश तर झाली नाही."

"दव असेल."

"दवानं एवढं नाही भरत. रोज आंघोळ घालता का काय याला?"

कृष्णरावांची बायको शांता चहा घेऊन आली होती. तिनं कपबश्या बॉनेटवर ठेवल्या.

"आबासाहेब घालतात," ती म्हणाली. "तुम्ही संध्याकाळी घासलेट आणायला बाजारात जाता ना, तेव्हा. आधी ब्रशनं खरारा करतात, मग दोन बादल्या पाणी. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

आबासाहेब, म्हणजे कृष्णरावांचे वडील मालोजीराव, सव्वीस वर्षं होळकरांच्या रिसाल्यात दफेदार होते. संस्थान जाऊन मध्यभारत झालं, रिसाला मोडला, घोडे कुठं गेले ते कोणी सांगितलं नाही. आज नेमके ते एका साखरपुड्यासाठी पहिल्या बसनं इंदूरला गेले होते. कृष्णरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ओरडायला समोर कोणी नव्हतं.

दिनानाथांनी मॅग्नेटो उतरवून चुलीशेजारी वाळवला. अकराला ट्रॅक्टर एका हँडलात सुरू झाला. कृष्णराव दिवसभर उतरले नाहीत. खालचं शेत पेरून झालं. वरच्या तुकड्यात मात्र त्यांनी मूठभर माती उचलली तर ती पिठासारखी बोटांतून गळून गेली. तिथं बी टाकणं म्हणजे उंदरांची पंगत घालणं. पाच सकाळी वाया गेल्या नसत्या तर हाही तुकडा झाला असता. आबांना काय काय सुनवायचं ते त्यांनी स्टिअरिंगवर बसल्या बसल्या दहा वेळा घोकलं.

दिवस मावळता मावळता मालोजीराव बसमधून उतरून आले. ट्रॅक्टर दिसताच त्यांनी लग्नाकार्याचा कोट काढून फाटकाला अडकवला, बाह्या सारल्या आणि विहिरीवरून बादली भरून आणली. बॉनेटवर हात ठेवून ते थांबले.

"आज बराच पळवलास. अंग तापलंय अजून," ते म्हणाले. "गरम अंगावर पाणी घालायचं नसतं, अंग धरतं. मी रोज अर्धा तास थांबतो. पार थंड झाला की मगच."

घोकलेल्यातलं निम्मंच कृष्णरावांच्या तोंडून निघालं.

"आबा, तो घोडा नाही. तुमच्या पाण्यानंच तो रोज बंद पडत होता. वरचा तुकडा पडीक राहिला."

मालोजीराव वरच्या तुकड्याकडे बघत राहिले.

"माझ्यामुळं?"

"हो. यापुढं त्याला हात लावायचा नाही."

"मग दिवसभर राबून आल्यावर त्याचं करायचं काय?"

"काही नाही. उभा करून ठेवायचा."

मालोजीरावांनी बादली खाली ठेवली. फाटकाजवळ जाऊन कोट घातला आणि सगळी बटणं लावली, गळ्याजवळचं सुद्धा.

"रिसाला मोडला ना, कृष्णा," ते म्हणाले, "तेव्हा घरी जा म्हणायच्या आधी साहेबानं आम्हाला सलाम केला होता."