सोल्डरचं रीळ

हेमांगीने रिळावरची तार यंत्राखाली धरली आणि पडद्यावर आकडा उमटला. शिसं, चाळीस टक्के. तिच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या टीव्ही, चार्जर अशा वस्तूंमध्ये हजारात एका भागाहून जास्त शिसं निघालं, तरी माल नापास होतो.

रीळ तिच्या वडिलांचं होतं. नानांनी तीस वर्षं घरातच रेडिओ दुरुस्त केले. दोन्ही हात गुंतलेले असले की सुटे भाग वितळवून जोडायची ती सोल्डरची तार दातांत धरायचे. हेमांगीच्या धाकट्या भावाला, श्रीरंगला दात येत होते, तेव्हा तो रडला की नानाच त्याच्या हातात तारेचा तुकडा द्यायचे. चघळत बसायचा बिचारा. आज तिशी उलटली तरी त्याला घास भरवावा लागतो. ते त्या तारेमुळे झालं का, एवढंच नानांना डोळे मिटण्याआधी जाणून घ्यायचं होतं.

संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा नाना श्रीरंगला वरणभात भरवत होते.

"काय निघालं गं?"

"काही नाही, नाना. पास झाली तुमची तार."

नानांनी श्रीरंगची हनुवटी पुसली. "पास झालेला माल तुम्ही परत देता ना?"

हेमांगीने पर्समध्ये हात घातला आणि तो तसाच राहिला. रोजच्या सवयीने तिने रीळ नापास मालाच्या लाल पेटीत टाकलं होतं.

नाना पुढचा घास कालवू लागले.

"गप्प बसायचा, म्हणून देत होतो गं," ते म्हणाले.