गप बसायचं कारण

ट्रंकेला दोरी आवळता आवळता सालू मास्तरांच्या कानावर वरातीचा बँड आला आणि त्यांचं डोकंच फिरलं. आज तरी नको होतं हे! फिलोमिनाला, त्यांच्या बायकोला, माती देऊन आठवडाही झाला नव्हता. उद्याच्या गाडीनं मास्तर गोव्याला चालले होते. कायमचे.

माणूस मूळचा गोव्याचा, पण उमेदीचं सगळं आयुष्य गेलं इथं निजामाच्या पलटणीचा बँड शिकवण्यात. पोलीस ॲक्शन झाली, पलटण मोडली, बँडही मोडला. दुसरा कुणी असता तर तेव्हाच गाशा गुंडाळता. पण मास्तर पडले हट्टी. औरंगाबादेतले लग्नात वाजवणारे गोळा केले आणि म्हणाले, "याच लोकांचा ऑर्केस्ट्रा उभा करतो." सूर जुळले, ताल बसला. अडलं कुठं, तर गप बसण्यात! मास्तरांनी बसवायला घेतलेल्या विलायती तुकड्याच्या ऐन मध्यावर एक लांब शांतता होती. मास्तरांनी हात वर धरला की सगळ्यांनी थांबायचं, हात खाली आला की सगळे सूर एकदम उठायचे. पण छे! कुणाची तरी क्लॅरिनेट मध्येच चिरकायची, नाहीतर ड्रमवर थाप पडायचीच.

"वरातीत थांबलो की नवऱ्याचा बाप अंगावर येतो मास्तर," क्लॅरिनेटवाला फारूख एकदा वैतागून म्हणाला होता. "गप बसायला कायतरी कारण लागतंय का नाय?"

मास्तरांनी छडी आपटली होती. कारण म्हणे! यांना संगीत येणार नाही, या जन्मात तरी नाही. अशा वेळी घरी फिलोमिना समजूत घालायची. आता तीही नव्हती. मग राहायचं कुणासाठी?

बँड गल्लीत शिरला. शेजारच्या मनकर्णाबाई पिठलं-भाकरी घेऊन आल्या होत्या. "बाई, तेवढी खिडकी लावा," मास्तर म्हणाले. बाई खिडकीपाशी गेल्या आणि बँड बंद पडला. एकदम, सगळाच.

"इथंही घोळ घातला गाढवांनी!" मास्तर करवादले.

"घोळ नाय मास्तर," मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या. "दुःखाचं घर हाय. त्याच्या म्होरून वाजवत जात नसत्यात."

मास्तर खिडकीशी आले. त्यांचीच माणसं होती. फारूखनं क्लॅरिनेट छातीशी धरली होती. अन्सारचा हात ड्रमवर सपाट पडला होता. नवरदेवाचं घोडंसुद्धा मुकाट चाललं होतं. नुसती पावलं वाजत होती, सगळ्यांची एका ठेक्यात. मास्तरांचा हात नकळत वर गेला. डोळे वाहत होते, त्याची त्यांना शुद्ध नव्हती. वरात घर ओलांडून कोपऱ्यावर पोचली, तसा त्यांचा हात खाली आला. त्याच क्षणी, पाठमोरा चाललेला सगळा बँड एकदम दणाणून उठला. एक सूर मागं नाही की पुढं नाही.

"दोरी बांधू लागू का?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"नको," मास्तर म्हणाले आणि गाठ सोडायला बसले.

दुसऱ्या दिवशी तालमीत तीच जागा आली. मास्तरांनी हात वर धरला. फारूखच्या ओठाशी चुळबुळ सुरू झाली, अन्सारचा हात ड्रमकडं निघालाच होता. तेवढ्यात मास्तर हळू आवाजात म्हणाले,

"आता माझं घर आलं."