आगाऊ अभिनंदन

“बाई, आता तरी पाठवू या,” नगराध्यक्ष फोल्कर तिसऱ्यांदा म्हणाला. शाळेत हेडविगबाईंनीच त्याला पाढे शिकवले होते. त्यामुळे खुर्ची मिळाली तरी बाईंपुढे त्याचा आवाज चढत नसे.

पाठवायचं होतं ते अभिनंदन. अटलांटिकपलीकडे, अमेरिकेच्या ओहायोतल्या त्यांच्या जोडगावात, म्हणजे मैत्रीचा करार केलेल्या गावात, निवडणूक झाली होती. तिथला नगराध्यक्ष, जुना मित्र वेंडेल पडला आणि डार्लीन नावाची नवखी नगराध्यक्ष निवडून आली. युरोपातली मैत्री म्हणजे रिकामटेकड्यांची चैन, असं ती भर सभेत बोलली होती. दोन्ही गावांची पोरं दर उन्हाळ्यात एकमेकांकडे राहायला जात. यंदा बाईंच्या नातीची, फिन्याची पाळी होती. पोरगी बॅग भरून बसली होती.

फ्रान्स आणि पोलंडमधल्या जोडगावांनी निकालाच्या दिवशीच फुलं धाडली. उगवत्या सूर्याला नमस्कार करायला कोण चुकतो! पण इथे होल्टरबेकमध्ये मैत्रीसंघाच्या पत्रांवर सही लागे ती बाईंची, आणि बाई ऐकेनात. वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा दिल्या तर माणसाचं काहीतरी वाईट होतं, हे जर्मनीत शेंबडं पोरही जाणतं. मग शपथेआधी अभिनंदन कसं करायचं?

“तिचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही,” बाई म्हणाल्या. “शपथ होऊ दे.”

“तोवर मैत्री बुडेल, बाई. फिन्याला काय सांगाल?”

बाईंनी पुढ्यातली केकची बशी बाजूला सारली. नातीचं नाव त्याने काढायला नको होतं. तरी सही काही त्यांनी केली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. बाईंनी स्पीकर लावला. वेंडेल होता. फेरमोजणी झाली होती आणि पडलेला वेंडेल थोडक्या मतांनी निवडून आला होता. डार्लीनसाठी नगरपालिकेत आलेल्या फुलांवरची कार्डं त्याने एकूण एक वाचून काढली होती.

“एक तुमचंच कार्ड नव्हतं.” त्याचा आवाज भरून आला. “सगळ्यांनी पाठ फिरवली, हेडविग. तू मात्र माझी बाजू सोडली नाहीस. पोरांना खुशाल पाठव.”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं काय ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तोच फोल्करने टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. जन्मात पहिल्यांदाच त्याने बाईंना गप्प केलं होतं.

“आता माझं अभिनंदन तरी कर की,” वेंडेल हसत म्हणाला.

फोल्कर जोरजोराने मान डोलावू लागला. बाईंनी घसा खाकरला.

“शपथ कधी आहे रे?” त्यांनी विचारलं.