अण्णा हरतात

लेकीच्या कंपनीचा कॅरमचा गेम मोबाइलवर आल्यापासून अण्णा सलग एकवीस डाव जिंकले होते. खऱ्या बोर्डावर तालुक्यात त्यांना कोणी हरवलं नव्हतं, मग काचेवर कोण हरवणार!

"गेम फुकट, मग तुम्हाला पैसे कुठून मिळतात गं?"

"डाव हरला की जाहिरात लागते, अण्णा. लोक ती बघतात, त्याचे मिळतात. तुम्ही हरतच नाही, तुम्हाला कशी दिसणार?"

पुढच्या डावात राणी पॉकेटच्या तोंडाशी होती. अण्णांचा स्ट्रायकर चक्क भलतीकडे गेला आणि डाव हातचा गेला.

साबणाची जाहिरात लागली. अण्णांनी ती चष्मा पुसून शेवटपर्यंत पाहिली, मग शेजाऱ्यांना हाक मारली, "अहो काणे, आमच्या पोरीची कमाई बघायला या! थांबा, परत हरून दाखवतो."