चौकटीतली सारजाबाई

करिष्मा न सांगताच कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसली. पाठ ताठ, हात मांडीवर, हनुवटी जराशी खाली. भागवतनं नजर वळवली.

त्याच्या धारूरच्या फोटो स्टुडिओत आज सिनेमावाले उतरले होते. सिनेमा करिष्माच्या आईवर. उसाच्या फडात मुकादमापुढं कोयता घेऊन उभी राहिलेली सारजाबाई तीन वर्षांमागं साप चावून गेली. सिनेमात तिचं काम आपणच करायचं, या हट्टानं करिष्मा आली होती. सोबत बाप धुळाजी, अन् त्याच्या कवेत घरच्या भिंतीवरची, हार घातलेली, सारजाबाईच्या फोटोची चौकट.

करिष्मानं आईचे शब्द म्हणून दाखवले. “कोयता आमचा, हात आमचे. मग शिवी कावून तुमची?”

चहा घेऊन आलेला हॉटेलवाला दारातच थबकला.

दिग्दर्शकानं चौकट तिच्या चेहऱ्याशेजारी धरली. बराच वेळ.

“बोलतेस छान. पण आईचं तुझ्यात काहीच उतरलं नाही गं. त्या केवढ्या उजळ होत्या!”

“आईबी माझ्यासारखीच काळी होती, साहेब.”

“फोटो समोर आहे.”

करिष्मानं बापाकडं पाहिलं. धुळाजीचे मोतीबिंदूनं पांढुरके झालेले डोळे चौकटीच्या दिशेनं लागले होते.

“घरात तिचा एकबी फोटो न्हवता, साहेब,” तो म्हणाला. “मला तर तिचं तोंडच आठवंना झालतं. भागवतरावानं कुठल्याशा लग्नातला हुडकून काढला. तवापासून रोज बोलतो मी तिच्याशी. लई आधार हाय.”

करिष्माचे उघडलेले ओठ मिटले.

भागवतच्या हाताखालून गेलेला फोटोतला माणूस काळा राहत नसे. भिंतीवर टांगेपर्यंत गोराच होऊन जाई. घरचेही खूश असत. पंचवीस वर्षांत कुणी तक्रार केली नव्हती. आज मात्र त्याच्यानं राहवलं नाही.

“साहेब, फोटो मी उजळ केलाय. बाई सावळीच होती.”

“असू दे हो,” दिग्दर्शक हसला. “लोकांना दोन तास बघवलं पाहिजे. पुण्याची नटी ठरलीच आहे आपली. फक्त तिला हे डोळे जमले पाहिजेत. बघा तर, फोटोतसुद्धा जिवंत आहेत!”

भागवतनं फोटोतले ते डोळे सोडून सगळीकडं बघितलं.

“पण सर, ती फार गोरी आहे,” रंगभूषावाला म्हणाला. “उसात खोटी दिसेल.”

“मग काळी कर. या मुलीच्या हाताशी रंग जुळवून घे.”

करिष्मानं हात पुढं केला. मनगटावर एकेका बाटलीतला रंग बोटानं ओढला गेला. तिसऱ्या बाटलीला जुळला. रंगभूषावाल्यानं बाटलीवर खूण केली अन् तिला पुसायला कापूस दिला.

सिनेमावाले गेले. धुळाजी पायरीवर बसून उपरण्यानं चौकटीची काच पुसू लागला. “चल सारजे, घरी. उन्हं तापली.”

करिष्मा दारातच थांबली. बापाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू बोलली.

“काका, आईचं लुगडं नेसून त्या स्टुलावर फोटोला मी बसले, तवा मला एवढं गोरं कावून केलं?”